शिळा, खिळा आणि विद्यार्थ्यांची पत्रे

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगताना आपण ६ जानेवारी १८३२ या तारखेपासून सुरुवात करतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ त्या दिवशी निघाले आणि तेव्हा बाळशास्त्री जेमतेम विशीत होते. शिकण्याचे आणि शिकवण्याचे वय एकच असलेला तो काळ. पुढे १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपली साहित्य व विज्ञानाची सभा काढली. तिच्याच शाखेतून उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. हा सगळा इतिहास मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण जवळजवळ त्याच वर्षांत दिल्लीतही असेच काही चालले होते, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि वाचन दोन्ही भाषांत करते. त्यामुळे या दोन इतिहासांतले अंतर मला नेहमी खटकते.

दिल्ली कॉलेज १८२५ मध्ये अजमेरी दरवाजाजवळच्या गाजीउद्दीनच्या मदरशात सुरू झाले. तिथली खास गोष्ट अशी की, गणित, भूगोल, पदार्थविज्ञान हे सगळे तिथे उर्दूतून शिकवले जात होते. पुस्तके नव्हती, म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मिळून भाषांतरे करीत. १८४५ मध्ये स्प्रेंगर हे ऑस्ट्रियन विद्वान प्राचार्य म्हणून आले. त्यांच्या काळात ‘किरानुस्सादैन’ हे सचित्र साप्ताहिक निघाले. त्याच वर्षी कॉलेजचेच माजी विद्यार्थी आणि नुकतेच विज्ञानाचे शिक्षक झालेले मास्टर रामचंद्र यांनी ‘फवाइदुन्नाजिरीन’ काढले आणि दोन वर्षांनी ‘मुहिब्ब-ए-हिंद’ हे मासिक. रामचंद्र तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांच्या पत्रांतून वाफेची यंत्रे, ग्रहांची गती, युरोपातील शोध आणि राज्यकारभार यांवर सोप्या उर्दूत लेख येत. शहरातल्या जुन्या विद्वानांना हे रुचत नव्हते. पृथ्वी फिरते की सूर्य, यावर वर्गात वाद झडत आणि तोच वाद पत्रातून शहरात जाई. जकाउल्ला, नजीर अहमद, मुहम्मद हुसेन आझाद हे पुढे उर्दू गद्याचे आधारस्तंभ ठरलेले लोक याच कॉलेजात शिकत होते. उर्दू गद्य साधे कसे झाले याचे उत्तर अनेक जण फोर्ट विल्यममध्ये शोधतात. मला ते या कॉलेजच्या पत्रांत जास्त सापडते.

ही पत्रे छापली जात शिळाप्रेसवर. इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढची सारी कहाणी या दगडाभोवती फिरते.

शिळाप्रेसचा शोध बव्हेरियाच्या आलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत लावला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या साध्या गोष्टीवर ते तंत्र उभे आहे. कातिब, म्हणजे सुलेखनकार, खळ लावलेल्या पिवळसर कागदावर स्निग्ध शाईने मजकूर लिही. तो कागद गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर दाबला की अक्षरे उलटी उमटत. मग संगसाज बसे. त्याचे काम शिळेवरच्या चुका दुरुस्त करण्याचे. म्हणजे हा माणूस उलटी अक्षरे वाचणारा आणि उलटी लिहिणारा! शिळा ओली केली की कोऱ्या भागावर पाणी राही. रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना धरी. कागद ठेवून दाब दिला की पान तयार. खिळे ओतायला नकोत, जुळवायला नकोत, मोठे भांडवल नको. एक शिळा, एक दाबयंत्र, एक कातिब आणि एक संगसाज मिळाला की छापखाना उभा राही.

मराठीही सुरुवातीला या दगडावर छापली गेली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग प्रसिद्धच आहे. पण मराठी लवकरच खिळ्यांकडे वळली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात देवनागरीचे चांगले खिळे पडले आणि पुढे जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाईप फौंड्री व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढल्यावर प्रश्न जवळपास मिटला. देवनागरीतले जोडाक्षर त्रासदायक असले तरी अक्षरे एका ओळीत, एका शिरोरेषेखाली उभी राहतात. उर्दूची नस्तालीक लिपी तशी नाही. तिच्यात शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. एकच अक्षर शेजारी कोण आहे हे पाहून आपला आकार, उंची आणि नुक्त्याची जागा बदलते. ‘बे’ हे अक्षर ‘जीम’च्या आधी वेगळे, ‘रे’च्या आधी वेगळे. चौकोनी खिळ्याच्या डोक्यावर हा उतार बसवायचा कसा? चार्ल्स विल्किन्सने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नस्तालीकचे खिळे पाडून पाहिले. फोर्ट विल्यम कॉलेजची पुस्तकेही खिळ्यांवर छापली गेली. पण वाचकाला ते अक्षर कधी आपले वाटले नाही. नस्ख ही अरबीची लिपी सरळ रेषेवर बसते, तिचे खिळे सहज होतात. पण उर्दू वाचकाला नस्खमधली गझल म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा घातलेला ओळखीचा माणूस.

म्हणून १८३६-३७ च्या सुमारास मौलवी मुहम्मद बाकर यांचे ‘दिल्ली उर्दू अखबार’ निघाले ते शिळेवर, आणि कॉलेजची पत्रेही शिळेवर. मौलवी बाकरही या कॉलेजात शिकलेले आणि काही काळ शिकवलेले. १८५७ च्या बंडात कॉलेज लुटले गेले, ग्रंथालयाची दैना झाली, प्राचार्य टेलर मारले गेले. दिल्ली पडल्यावर इंग्रजांनी बाकर यांना मृत्युदंड दिला. वर्गातून निघालेल्या उर्दू पत्रांचा पहिला अध्याय तिथे संपला.

दुसरा अध्याय अलीगढचा. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती लवकरच अलीगढला आली आणि १८६६ पासून ‘अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट’ निघू लागले. शेजारी शेजारी दोन रकाने, एकात उर्दू आणि एकात इंग्रजी. ‘दर्पण’चीही रचना अशीच होती, हे मराठी वाचकाच्या लगेच लक्षात येईल. सर सय्यद खिळ्यांच्या बाजूचे होते. त्यांचे म्हणणे रोखठोक होते. कातिबाच्या लहरीवर वृत्तपत्र चालत नाही, शिळा काही शे प्रतींनंतर झिजते, चुका राहतात. अक्षर देखणे नसले तरी चालेल, पण वेळेवर आणि शुद्ध हवे. १८७० च्या डिसेंबरात त्यांनी ‘तहजीबुल अखलाक’ काढले तेही खिळ्यांवरच. लोकांनी त्यांच्या धर्मविचारांवर टीका केली, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या टाईपवरही नाके मुरडली गेली, हे कमी जणांना माहीत असते.

१८७५ मध्ये शाळा आणि १८७७ मध्ये कॉलेज सुरू झाल्यावर विद्यार्थ्यांचे लेखन या छापखान्याच्या आसपास वाढले. १८९० च्या दशकात कॉलेजचे स्वतंत्र मासिक निघाले. विद्यापीठ झाल्यावर त्याचेच पुढे ‘अलीगढ मॅगझीन’ झाले. त्याचे संपादक विद्यार्थी असत. रशीद अहमद सिद्दीकी हे त्यातलेच एक. १९४९ च्या सुमारास मुख्तारुद्दीन अहमद यांनी संपादित केलेला त्याचा गालिब विशेषांक आजही गालिबच्या अभ्यासकाला उघडावा लागतो. कॉलेजचे वार्षिक म्हणजे प्राचार्यांचा फोटो आणि अहवाल एवढाच समज असलेल्यांनी तो अंक एकदा तरी पाहावा.

पण अलीगढमधून निघालेले सर्वांत धारदार पत्र कॉलेजचे नव्हते. ते होते हसरत मोहानींचे. हसरत १९०३ मध्ये बी.ए. झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ काढले. वसतिगृहाची सवय अजून अंगातून गेली नव्हती अशा वयात. मासिकात जुन्या कवींचे निवडक काव्य असे आणि त्याच पानांत स्वदेशीचा प्रचार. अलीगढच्या वडीलधाऱ्यांना राजकारण नको होते. हसरत मात्र लोकमान्य टिळकांना आपला नेता मानत होते आणि ते लपवत नव्हते. १९०८ मध्ये इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख छापल्याबद्दल त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. तो लेख अलीगढच्या एका विद्यार्थ्याचा होता असे पुढे सांगितले गेले. हसरतनी लेखकाचे नाव शेवटपर्यंत सांगितले नाही. संपादक मी आहे, जबाबदारी माझी, एवढेच. दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, ती पुढे एक वर्षावर आली. दंडापोटी त्यांची पुस्तके लिलावात गेली. अटक झाली तो जून महिना होता. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांनाही राजद्रोहाखालीच पकडले होते. एक मंडालेला गेला, दुसरा तुरुंगात जाते ओढत बसला. आपल्या पाठ्यपुस्तकांत या दोन अटका कधी एका पानावर येत नाहीत.

सुटून आल्यावर हसरतना कोणी छापखानेवाला उभा करीना. तेव्हा त्यांनी घरातच छोटा छापखाना मांडला. शाई लावणे, दाब देणे, अंक बांधणे ही कामे ते स्वतः करीत आणि पत्नी निशातुन्निसा बेगम त्यांना हात देत. पुढे सरकारने प्रेस कायद्याखाली मोठा जामीन मागितला आणि तेही बंद पडले. पण इथे एक मुद्दा आहे. उर्दू मागे राहिली ती शिळाप्रेसमुळे, खिळे स्वीकारले असते तर ती कुठल्या कुठे गेली असती, असे आमच्याकडे अनेक जाणकार सांगतात. मला हे अर्धेच पटते. दैनिकांच्या बाबतीत ते खरे असेल. रोज आठ पाने हाताने लिहून शिळेवर चढवणे म्हणजे कातिबांची फौज पोसणे. पण एका कफल्लक पदवीधराला घराच्या एका खोलीतून सरकारशी भांडणारे मासिक काढता आले, ते कशामुळे? खिळ्यांचा छापखाना असता तर शेकडो शिशाचे खिळे, त्यांच्या केसी, जुळारी आणि भांडवल लागले असते. शिळा गरिबाची होती.

खिळ्यांचा खरा थाट मांडला तो आणखी एका कोवळ्या संपादकाने. मौलाना आझाद शाळेत कधी गेले नाहीत. घरीच वडिलांच्या आणि उस्तादांच्या हाताखाली शिकले. पण अकराव्या वर्षी, १८९९ मध्ये त्यांनी ‘नैरंगे आलम’ हे काव्याचे मासिक काढले आणि १९०३ मध्ये ‘लिसानुस्सिद्क’. संपादक म्हणून मोठमोठ्यांशी पत्रव्यवहार चाले. प्रत्यक्ष भेटीत मात्र लोक त्यांना संपादकाचा मुलगा समजत, अशी गंमत सांगितली जाते. या मुलाने १९१२ मध्ये कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ काढले, ते खिळ्यांवर, छायाचित्रांसह, इजिप्त आणि तुर्कस्तानच्या पत्रांच्या तोडीचे. इथे प्रथमच टाईपमधले उर्दू साप्ताहिक लोकांनी डोक्यावर घेतले. नाके मुरडणारे गप्प झाले. अर्थात ती जादू टाईपची की आझादांच्या भाषेची, हे कोणी ठरवायचे?

बी.एड.च्या अभ्यासक्रमात डॉ. झाकिर हुसेन आम्हाला भेटले ते १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरच्या समितीचे अध्यक्ष म्हणून. नई तालीम, हस्तोद्योग, समवाय. परीक्षेला पाच गुणांचा प्रश्न. पण हे गृहस्थ बर्लिनमध्ये पीएच.डी.चे विद्यार्थी असताना काविआनी नावाच्या छापखान्यात जाऊन बसत आणि गालिबच्या दिवाणाचे खिळे स्वतःच्या हाताने जुळवीत, हे कोणत्याही नोट्समध्ये नव्हते. १९२५ मध्ये तो छोटेखानी, देखणा दिवाण छापून झाला. हाताने काम करताना डोके शिकते हे त्यांनी वर्ध्यात सांगितले, त्याच्या बारा वर्षे आधी त्यांच्या बोटांना शिसे लागलेले होते. परत येऊन त्यांनी जामिया मिल्लियाची सूत्रे घेतली आणि १९२६ मध्ये जामियातून मुलांसाठी ‘पयामे तालीम’ सुरू झाले. महाराष्ट्रातल्या उर्दू शाळांतील कित्येक पिढ्या हे मासिक वाचून मोठ्या झाल्या.

त्याच सुमारास, १९२४ मध्ये, फ्रान्सच्या एका खेड्यातील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने याने वर्गात एक लहानसा छापखाना आणला. मुले आपला मजकूर लिहीत, स्वतः खिळे जुळवीत, छापीत आणि दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवीत. रोमन लिपीची सव्वीस अक्षरे, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते जमे. उर्दू शाळेत हे कधी शक्य झाले नाही. मूल लेख लिही, पण छापण्यासाठी तो कातिबाकडेच जाई. त्याचा दर परवडला नाही, की अंक ‘कलमी’ राही. मराठी शाळांत ज्याला आपण हस्तलिखित म्हणतो तेच.

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, उल्लेख इथे करायलाच हवा. मौलवी अब्दुल हक तिथल्या कॉलेजचे प्राचार्य होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही १९१३ पासून पाव शतक तिथेच होते. १९२१ मध्ये त्यांनी तिथून ‘उर्दू’ हे त्रैमासिक काढले, तेही टाईपमध्ये. हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, जिथे वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवली गेली. तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘मजल्ला-ए-उस्मानिया’ चालवले. मराठवाड्याची कित्येक मुले, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, या विद्यापीठात शिकली. त्यांच्या उर्दू लेखनाचा शोध मराठीत कोणी घेतला तर बरेच काही हाती लागेल.

यानंतरची चार-पाच दशके मी भरभर ओलांडते. शिळेची जागा ऑफसेटने घेतली, पण लिहायचे कातिबानेच. कॉलेजात आणि शाळेत सायक्लोस्टाइल आले. गंमत अशी की, उर्दूला ते मराठीपेक्षा जास्त मानवले. मराठीवाल्यांना टंकयंत्र लागे. उर्दूवाले मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने सरळ नस्तालीक लिहीत आणि रूळ फिरवीत. ती अक्षरे थोडी थरथरलेली, शाई कुठे दाट कुठे फिकट. पण पहिल्यांदाच विद्यार्थी आणि छापील कागद यांच्यामध्ये कोणी तिसरा उरला नाही.

नस्तालीकचे कोडे सुटले ते १९८१ मध्ये. अहमद मिर्झा जमील हे मूळ दिल्लीचे, शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि फाळणीनंतर कराचीला स्थायिक झाले. मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी त्यांनी एक अफाट उद्योग केला. अक्षरे जोडून शब्द बनवण्याचा नाद सोडला आणि अक्षरांच्या तयार जोडण्याच हाताने लिहून काढल्या. अशा २० हजारांच्या घरात आकृती झाल्या. ‘नूरी नस्तालीक’ हे त्या अक्षराचे नाव. १ ऑक्टोबर १९८१ रोजी लाहोरचे ‘जंग’ त्या अक्षरात निघाले. तेव्हा हे यंत्र विद्यार्थ्यांच्या स्वप्नातही परवडणारे नव्हते. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने ‘इनपेज’ आणले आणि तेच अक्षर साध्या संगणकावर उतरले. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, गल्लोगल्लीच्या डीटीपी दुकानांत ते पोहोचले. उर्दू शाळेचे वार्षिक वेळेवर निघू लागले. विद्यार्थी स्वतः टाईप करू लागले.

कातिबांचे काय झाले? काही संगणकावर बसायला शिकले. काही लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहू लागले, मग फ्लेक्सने तेही नेले. राष्ट्रीय उर्दू परिषदेने सुलेखनाची केंद्रे चालवली आणि तिथे मुले-मुली शिकलीही, पण कला म्हणून. चरितार्थाचे साधन म्हणून कोण शिकणार? चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे १९२७ मध्ये सुरू झालेले दैनिक हाताने लिहिलेले म्हणून जगभर गाजले. संपूर्ण दैनिक हाताने लिहिणे हा एके काळी नियम होता, तो बातमीचा विषय झाला यातच सगळे आले.

इनपेजने एक घोटाळाही करून ठेवला, त्याची चर्चा आमच्या शिक्षकांत क्वचित होते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्याची अक्षरसंकेतावली स्वतःची होती. युनिकोड पुढे आले. म्हणजे १९९४ नंतरची दहा-पंधरा वर्षे शाळा-कॉलेजांची जी पत्रे निघाली, त्यांचा मजकूर बंद कुलुपातला आहे. जुन्या सीडीवरची फाईल आज उघडत नाही, उघडली तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. १८४५ चा शिळेवरचा अंक वाळवीने सोडला असेल तर वाचता येतो. २००३ च्या शालेय वार्षिकाची छापील प्रत हरवली की ते गेलेच. २०१३ नंतर ‘रेख्ता’सारख्या संस्थांनी जुनी पुस्तके आणि नियतकालिके स्कॅन करून ठेवली आहेत. पण ती पानांची चित्रे आहेत. त्यांतला शब्द यंत्राला शोधायला लावायचा तर नस्तालीकचा तोच उतार आणि त्याच हजारो जोडण्या आड येतात. विल्किन्सला जे अडले तेच संगणकाला.

मोबाईलवर अनेक वर्षे उर्दू नस्खमध्येच दिसे. आयफोनवर नस्तालीक आली ती २०१७ मध्ये. तोवर एक पिढी रोमन लिपीत उर्दू लिहायला शिकून गेली होती. माझ्या वर्गातल्या मुली उत्तरपत्रिका नस्तालीकमध्ये लिहितात आणि मैत्रिणीला निरोप इंग्रजी अक्षरांत. ‘ऐन’ आणि ‘अलिफ’, ‘सीन’, ‘से’ आणि ‘स्वाद’ यांतला फरक निरोपात लागत नाही, मग निबंधातही तो सुटतो. व्याकरणाच्या तासापेक्षा अंकाच्या कामात ही चूक लवकर सुधारते असा माझा अनुभव आहे, कारण तिथे मुद्रितशोधन मुलीच करतात आणि एकमेकींना सोडत नाहीत.

गेल्या वर्षीच्या अंकाच्या वेळी मुलींत वाद झाला. एकीचे म्हणणे, पाने चित्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. अक्षर जसेच्या तसे राहते, घरात आजीलाही वाचता येते. दुसरीचे म्हणणे, चित्रातला लेख पुढे कोणाला सापडणार नाही, म्हणून मजकूरही युनिकोडमध्ये पाठवायला हवा, भले काही फोनवर तो नस्खमध्ये दिसो. दोन दिवस भांडून त्यांनी दोन्ही पाठवले. मजकुराची फाईल उघडून एका मुलीच्या आजीने विचारले, हे अरबीत का छापले?